कप्पीवरून लोंबणारं वजन, एकामागे एक ट्रॉल्या : जोडातला ताण किती धरायचा?

अकरावी_सिडको

अकरावी सायन्सचं गतीच्या नियमांचं प्रकरण चालू आहे. दोन गणितांत अडकलोय. पायऱ्यांसकट लिहितो, म्हणजे गाडी कुठे रुळावरून उतरते ते सांगता येईल.

पहिलं गणित. टेबलावर ४ किलोचा ठोकळा. त्याला बांधलेली हलकी दोरी टेबलाच्या कडेच्या गुळगुळीत कप्पीवरून खाली जाते, खाली २ किलोचं वजन लोंबतंय. ठोकळा आणि टेबल यांचा घर्षणांक ०.२, जी (गुरुत्वत्वरण) ९.८ धरायचा. त्वरण आणि ताण काढा.

मी असं केलं : खालचं वजन दोरीला २ × ९.८ = १९.६ न्यूटनने ओढतं, म्हणजे ताण १९.६. घर्षण ०.२ × ४ × ९.८ = ७.८४. ठोकळ्यावर उरलं ११.७६, त्याला ४ ने भागलं, त्वरण २.९४. उत्तरसूचीत त्वरण १.९६ आणि ताण १५.६८ न्यूटन दिलाय.

दुसरं गणित. ट्रॅक्टरच्या मागे कांद्याच्या दोन ट्रॉल्या. पुढची ३००० किलो, मागची ५००० किलो. त्वरण ०.४ मी/से². रस्त्याचा रोध नाही असं धरून दोन्ही जोडांतली ओढ काढा. उत्तर ३२०० आणि २००० न्यूटन. ट्रॅक्टरने ३२०० ने ओढलं तर ती ओढ पुढच्या ट्रॉलीतून तशीच मागे पोचायला हवी ना? मधले १२०० गेले कुठे?

क्लासमध्ये ‘सगळं एकत्र धरा आणि एकूण वस्तुमानाने भागा’ असा शॉर्टकट सांगितलाय. त्याने त्वरण बरोबर येतं, पण का येतं ते कळत नाही, आणि ताण विचारला की परत तिथेच अडतं.

भौतिकी_गंगापूररोड

घर्षणाची पायरी तू बरोबर केली आहेस. घोळ एकाच ओळीत आहे : ‘म्हणजे ताण १९.६’.

ठोकळा क्षणभर बाजूला ठेव आणि फक्त लोंबणाऱ्या वजनाकडे बघ. त्याला स्पर्श करणारी वस्तू एकच, दोरी. स्पर्शाशिवाय ओढणारी एकच, पृथ्वी. म्हणजे बलं दोनच : खाली १९.६ आणि वर ताण. तू ताणही १९.६ धरलास. मग बेरीज शून्य झाली आणि त्या वजनाचं त्वरणही शून्य झालं. पुढच्याच ओळीत तू ठोकळ्याला २.९४ त्वरण दिलंस. न ताणणाऱ्या एकाच दोरीच्या एका टोकाला २.९४ आणि दुसऱ्या टोकाला शून्य, हे शक्य नाही. तुझ्याच दोन ओळी एकमेकींशी भांडतायत.

१९.६ हे बल पृथ्वी त्या वजनावर लावते. दोरीला पृथ्वीचं ते बल ‘पोचत’ नाही. दोरीला कळतं ते फक्त वजन तिला किती ओढतंय, आणि तेच तर आपल्याला काढायचंय. तिसऱ्या नियमाची जोडी इथे नीट लाव. पृथ्वी वजनाला खाली ओढते, वजन पृथ्वीला वर ओढतं, ही एक जोडी. दोरी वजनाला वर ओढते, वजन दोरीला खाली ओढतं, ही दुसरी. वजनावरचं गुरुत्वबल आणि दोरीचा ताण ही दोन्ही एकाच वस्तूवर लागतात, त्यामुळे ती तिसऱ्या नियमाची जोडी होऊच शकत नाहीत. ती सारखी असण्याचं बंधन नाही. सारखी असतात ती फक्त त्वरण शून्य असताना.

आता गणित. कागदावर दोन वस्तू दोन वेगळ्या जागी काढ. दोघींना जोडणारी दोरी काढू नकोस, तिच्या जागी फक्त बाण. त्वरणाची धन दिशा दोरीच्या बाजूने धर : ठोकळ्यासाठी कप्पीकडे, वजनासाठी खाली. असं केलं की दोन्हीकडे त्वरण एकाच चिन्हाने येतं आणि वजा-अधिकचा गोंधळ निम्मा संपतो.

ठोकळा, आडव्या दिशेने : ताण − ७.८४ = ४ × त्वरण
वजन, खालच्या दिशेने : १९.६ − ताण = २ × त्वरण

बेरीज कर. ताण एकीकडे अधिक, एकीकडे वजा, उडून जातो. ११.७६ = ६ × त्वरण, म्हणून त्वरण १.९६. हे दुसऱ्या समीकरणात टाक : ताण = १९.६ − ३.९२ = १५.६८. पडताळा पहिल्यात : १५.६८ − ७.८४ = ७.८४ आणि ४ × १.९६ = ७.८४. जुळलं.

तुझा शॉर्टकट म्हणजे ही बेरीजच आहे. म्हणून तो चालतो आणि म्हणूनच त्यातून ताण मिळत नाही, कारण बेरजेत तो आधीच उडालेला असतो. ताण हवा असेल तर सिस्टिम त्या जोडापाशी कापावीच लागते. कापलेल्या दोन तुकड्यांपैकी ज्यावर कमी बलं असतील तो तुकडा घे. इथे लोंबणारं वजन सोपं, कारण त्यात घर्षण नाही.

गणितातले ‘हलकी’ आणि ‘गुळगुळीत’ हे शब्द वाचून सोडून देऊ नकोस. दोरीला वस्तुमान असेल तर तिलाही त्वरण द्यायला बल लागतं आणि तिच्या दोन टोकांचे ताण वेगळे होतात. आडव्या भागातली दोरी १० ग्रॅमची असेल तर फरक ०.०१ × १.९६, म्हणजे जेमतेम ०.०२ न्यूटन. म्हणून तो सोडतात. दोरी ताणत नाही म्हणून दोघांचं त्वरण सारखं, आणि कप्पी गुळगुळीत व हलकी म्हणून दोन्ही बाजूंचा ताण सारखा. ही दोन वेगळी गृहीतकं आहेत आणि दोन वेगळी कामं करतात.

एक पायरी बहुतेक जण गाळतात : हे मुळात हलेल का? ठोकळा धरून ठेवला असेल किंवा स्थिर असेल तेव्हा खालच्या वजनामुळे त्याच्यावर येऊ शकणारी जास्तीत जास्त ओढ १९.६, आणि नॉर्मल (टेबल ठोकळ्याला वर ढकलतं ते बल) ३९.२. म्हणजे स्थितिक घर्षणांक ०.५ च्या वर असेल तर काहीच हलणार नाही, ताण १९.६ च राहील आणि घर्षणही १९.६. तुझं उत्तर त्या स्थितीत बरोबर ठरलं असतं, फक्त त्वरण शून्य.

उत्तर तपासायला टोकाच्या किमती टाकून बघ. ताणाचं सूत्र मांडलंस तर २ × ४ × ९.८ × (१ + ०.२) भागिले (४ + २) असं येतं. यात ४ च्या जागी खूप मोठं वस्तुमान टाक आणि घर्षण शून्य धर : ताण १९.६ कडे सरकतो, कारण ठोकळा हलतच नाही. ४ च्या जागी शून्य टाक : ताण शून्य, वजन मोकळं पडतंय. दोन्ही टोकं पटतात, म्हणजे सूत्रात फार मोठी चूक नाही.

अकरावी_सिडको

बेरजेत ताण उडतो हे पाहिल्यावर शॉर्टकट कळला. ट्रॉल्यांचं अजून डोक्यात बसत नाही. आणि तिथे रस्त्याचा रोध किंवा चढ घेतला तर ३२०० आणि २००० चं काय होईल?

लोको_इगतपुरी

ट्रॉल्यांसाठी एकच प्रश्न विचारायचा : या जोडाच्या मागे काय काय आहे? जोड फक्त त्याच्या मागचं ओढतो. ट्रॅक्टरलगतच्या हुकामागे ८००० किलो, म्हणून ८००० × ०.४ = ३२००. मधल्या जोडामागे ५००० किलो, म्हणून २०००. तुझे १२०० कुठे गेले नाहीत. पुढच्या ट्रॉलीवर पुढे ३२००, मागे २०००, उरले १२००, आणि ३००० किलोला ०.४ द्यायला तेवढेच लागतात. ओढ ‘तशीच पोचली’ असती तर पुढच्या ट्रॉलीवर बेरीज शून्य झाली असती आणि ती जागेवरच राहिली असती.

आता रोध घे. समजा दोन्ही ट्रॉल्यांना वजनाच्या ०.०२ इतका रोध आहे. मागचीला ०.०२ × ५००० × ९.८ = ९८०, पुढचीला ५८८. मधला जोड : २००० + ९८० = २९८० न्यूटन. पुढचा हुक : ३२०० + १५६८ = ४७६८. आकडे वाढले, पण २९८० भागिले ४७६८ करून बघ, ०.६२५ येतं, म्हणजे पाच अष्टमांश. आधीही २००० भागिले ३२०० तेवढंच होतं. रोध वस्तुमानाच्या प्रमाणात आणि सगळ्यांना सारख्याच गुणकाने असेल तर जोडातला वाटा बदलत नाही. चढाचंही तसंच, कारण उतारालगतचा गुरुत्वाचा घटक वस्तुमानाच्याच प्रमाणात असतो. गुणक वेगळे झाले, उदाहरणार्थ मागच्या ट्रॉलीचं चाक चिखलात आहे, की हा नियम मोडतो आणि प्रत्येक ट्रॉलीची आकृती वेगळी काढावीच लागते.

चढाचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या दारातच आहे. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातला लोहमार्ग १८६५ पासून चालू आहे आणि त्याचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर गेल्यावर १ मीटर उंची. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी, इंजिनं लागतात ती का, हे या प्रकरणाच्या गणिताने स्वच्छ दिसतं. सोयीचे आकडे घेऊ : २० डबे, प्रत्येकी ५० टन, एकूण १००० टन. त्वरण ०.०५ मी/से², बाकी रोध सोडून देऊ.

उतारालगतचा घटक : १०,००,००० × ९.८ भागिले ३७, साधारण २,६५,००० न्यूटन. त्वरणासाठी ५०,०००. एकूण ३,१५,००० न्यूटन, म्हणजे ३१५ किलोन्यूटन. प्रत्येक डब्याला १५.७५.

मागून कोणी ढकलत नसेल तर इंजिन आणि पहिला डबा यांच्यामधल्या कपलरवर, म्हणजे जोडावर, पूर्ण ३१५ चा ताण. दहाव्या डब्यामागे १५७.५, शेवटच्या डब्याच्या पुढे १५.७५, आणि त्याच्या मागे शून्य. सगळा भार पहिल्या कपलरवर एकवटतो, आणि सपाटीवर याच त्वरणाला तिथे फक्त ५० लागले असते. चढाने तो सहापटीहून जास्त वाढवला.

आता मागून बँकर २०० किलोन्यूटनने ढकलतात असं धर. पुढच्या इंजिनाकडे ११५ उरले. पहिल्या डब्यामागे ११५ − १५.७५ = ९९.२५. असंच कमी करत जा. सातव्या डब्यामागे ४.७५ उरतात. आठव्या डब्यामागे −११. वजा आलं म्हणून चूक झाली असं समजून खोडू नकोस. त्याचा अर्थ तो आणि त्याच्या मागचे जोड ताणलेले नाहीत, दाबलेले आहेत. पहिले सात डबे पूर्णपणे आणि आठव्याचा थोडा भाग पुढचं इंजिन ओढतंय, बाकीचे मागून ढकलले जातायत. शेवटच्या डब्याच्या मागे −२०० यायला हवं : ११५ − २० × १५.७५ = −२००. आलं.

हे चालतं कारण डब्यांमधला जोड ओढही घेतो आणि दाबही. जुन्या स्क्रू कपलिंगच्या डब्यांत ओढ स्क्रूतून जाते आणि दाब बाजूच्या बफरमधून, नव्या डब्यांच्या मधल्या कपलरमध्ये दोन्ही एकाच जागी. तुझ्या कप्पीच्या गणितात दोरी असते. दोरीचा ताण वजा आला तर अर्थ वेगळा : दोरी सैल पडली, दोन वस्तू आता जोडलेल्या नाहीत, आणि दोघींचं त्वरण सारखं धरून मांडलेलं गणित टाकून ताण शून्य धरून नव्याने मांडायचं.

सीईटी_कॉलेजरोड

समज हवीच, पण सीईटीला प्रत्येक प्रश्नासाठी दोन आकृत्या काढत बसलास तर पेपर पुरणार नाही. ठोकळा-कप्पीसाठी त्वरण = (लोंबणारं वजन − घर्षण) भागिले एकूण वस्तुमान, हे थेट लिहायचं. ताणासाठी लोंबणाऱ्या बाजूने : वस्तुमान × (जी − त्वरण). दोन ओळींत काम होतं.

त्याआधी पर्याय गाळ. वेग वाढवत खाली जाणाऱ्या वजनाच्या दोरीतला ताण त्याच्या वजनापेक्षा कमीच असतो. त्यामुळे १९.६ आणि त्याहून मोठे पर्याय वाचताच बाद. ठोकळ्याचा वेग वाढतोय म्हणजे ताण घर्षणापेक्षा जास्त, म्हणून ७.८४ च्या खालचेही बाद. कप्पीच्या दोन्ही बाजूंना वजनं लोंबत असतील तर ताण नेहमी दोन वजनांच्या मधे येतो. ५०० आणि ५२० ग्रॅम असतील तर वजनं ४.९ आणि ५.०९६ न्यूटन, ताण ४.९९६. चारपैकी दोन पर्याय तर यानेच जातात.

यंत्र_सातपूर

पर्याय गाळण्याची पद्धत चांगली आहे, ती जरूर वापरावी. ‘एकूण वस्तुमानाने भागा’ मात्र कुठे चालत नाही हे पोराला आत्ताच दाखवायला हवं, कारण परीक्षक नेमकं तिथेच विचारतात.

तेच दोन तुकडे घे, टेबल आता गुळगुळीत. ठोकळ्याची दोरी कडेच्या कप्पीवरून खाली येते, एका सरकत्या कप्पीखालून जाते आणि वर छताला बांधलेली आहे. २ किलो वजन त्या सरकत्या कप्पीला लटकवलंय. कप्पी हलकी. शॉर्टकट सांगेल १९.६ भागिले ६, म्हणजे ३.२७. चूक.

आधी दोरीची लांबी बघ. सरकती कप्पी १० सेंटिमीटर खाली आली तर तिच्या दोन्ही बाजूंची दोरी १०-१० सेंटिमीटरने लांबते. ती २० सेंटिमीटर दोरी ठोकळ्याकडूनच येणार. म्हणून ठोकळा वजनाच्या दुप्पट सरकतो, दुप्पट वेगाने आणि दुप्पट त्वरणाने. वजनाचं त्वरण जितकं, त्याच्या दुप्पट ठोकळ्याचं. आणि सरकत्या कप्पीला दोरी दोन जागी वर ओढते, म्हणून वजनावर वरच्या दिशेने दोन ताण.

ठोकळा : ताण = ४ × २ × त्वरण = ८ × त्वरण
वजन : १९.६ − २ × ताण = २ × त्वरण

पहिलं दुसऱ्यात टाकलं की १९.६ = १८ × त्वरण. वजनाचं त्वरण १.०९, ठोकळ्याचं २.१८, ताण ८.७१ न्यूटन. इथे भाजक ६ नाही, १८ आहे, कारण दुप्पट धावणारा ४ किलोचा ठोकळा या गणितात ४ × २ × २ = १६ किलोसारखा वागतो. दोन समीकरणांची नुसती बेरीज केली तर ताण उडत नाही, एकीकडे एक ताण आणि दुसरीकडे दोन आहेत. पहिल्याला २ ने गुणून मग बेरीज करावी लागते. म्हणून शॉर्टकट वापरण्याआधी इतकंच तपासायचं : सगळ्यांच्या त्वरणाचा आकडा एकच आहे का? नसेल तर आधी दोरीची लांबी, मग बलं.

याच रचनेत टेबलाचा घर्षणांक ०.२ घेतला तर वजनाचं त्वरण ०.२१८ वर येतं. करून बघ, चांगला सराव आहे. कारण लक्षात घे : ठोकळ्याला आता वजनाची निम्मीच ओढ मिळते, ९.८ च्या आसपास, आणि घर्षण तेच ७.८४.

ढकलण्याच्या गणितांनाही हीच रीत. टोमॅटोचे २० किलोचे तीन क्रेट एका ओळीत टेकवून फरशीवर एकसमान वेगाने ढकलले, घर्षणांक ०.३, तर प्रत्येकाला ५८.८ न्यूटन रोध. हाताला १७६.४, पहिल्या-दुसऱ्यामध्ये ११७.६, दुसऱ्या-तिसऱ्यामध्ये ५८.८. फक्त ‘मागे काय’ ऐवजी ‘पुढे काय’ असं विचारायचं.

अकरावी_सिडको

सरकत्या कप्पीचं घर्षण धरून केलं : ताण ९.५८ आणि त्वरण ०.२१८ आलं. एक शेवटचं विचारतो. ताण खरंच वजनापेक्षा कमी होतो हे कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा घरी मोजून बघता येईल का?

प्रयोग_पंचवटी

येईल, आणि जरूर बघावं. सामान : लाकडी ठोकळा, ५०० ग्रॅमचा सुईचा स्प्रिंग काटा, क्लॅम्पवाली हलकी कप्पी, २०० ग्रॅम वजन, न ताणणारी विणलेली नायलॉनची दोरी, आणि व्हिडिओ घेणारा फोन. सामानाचा डिजिटल काटा घेऊ नकोस, तो आकडा स्थिर करायला वेळ घेतो आणि तेवढ्यात वजन जमिनीवर पोचलेलं असतं.

काटा दोरीच्या मधे टांगलास तर तो लोंबकळतो आणि त्याचं वस्तुमान ना इकडचं ना तिकडचं. त्याऐवजी काट्याचं कवच ठोकळ्यावर चिकटपट्टीने घट्ट आडवं बसव, हूक कप्पीकडे. मग काटा ठोकळ्याचाच भाग. ठोकळा आणि काटा मिळून बरोबर ४०० ग्रॅम कर, कमी पडलं तर ठोकळ्यावर वजनं चिकटव. काटा आडवा केल्यावर सुई शून्यावर आहे का ते परत बघ. उभा असताना हुकाच्या वजनाने स्प्रिंग थोडी ताणलेली असते, आडवी केल्यावर ती ओढ जाते आणि सुई शून्याच्या मागे जाते. स्क्रूने शून्य लाव.

दोरी टेबलाला समांतर हवी. काटा ठोकळ्याच्या वर बसवल्यामुळे हूक उंच आला, तेव्हा कप्पीही तितकीच उंच लाव. दोरी कप्पीकडे वर चढत गेली तर ताणाचा एक भाग ठोकळ्याला उचलतो, नॉर्मल कमी होतो आणि घर्षणही. शिवाय ठोकळा बुटका आणि लांब घे, नाहीतर वरून ओढल्याने पुढच्या कडेवर झुकतो.

घर्षणांक आधी काढ. दोरीला लहान वजनं लावत जा आणि प्रत्येक वेळी ठोकळ्याला हलकी टिचकी मार. टिचकीनंतर ठोकळा न थांबता, वेग न वाढवता सरकत राहतो त्या वजनाला ४०० ने भाग. ८० ग्रॅमला असं झालं तर ०.२. कप्पीचं थोडं घर्षणही याच आकड्यात मिसळतं.

मग २०० ग्रॅम लाव आणि ठोकळा हाताने धर. सुई २०० वर. सोड. सिद्धान्ताप्रमाणे ताण २०० × ४०० × १.२ भागिले ६००, म्हणजे काट्यावरच्या ग्रॅममध्ये १६०. सुई सरळ १६० वर जाऊन थांबणार नाही. ती २०० वरून सुटते, स्प्रिंगमुळे १२० च्या आसपास जाते आणि हेलकावे घेते. आकडा मधला घ्यायचा : लागोपाठच्या वरच्या आणि खालच्या टोकाचा मध्य. धाव ६० सेंटिमीटरची ठेवलीस तर वेळ फक्त ०.७८ सेकंद मिळतो, तेवढ्यात काट्याच्या स्प्रिंगप्रमाणे दोन-तीन हेलकावे होतात. म्हणून व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेमचा घे, फोन वरून, सुईच्या बरोबर वर धरून, आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत वाच. वजन जमिनीला लागल्यानंतरचे फ्रेम सोडून दे, तिथे दोरी सैल पडते आणि ठोकळा नुसत्या घर्षणाने मंदावत असतो. टेबलाच्या कडेआधी त्याला अडवायला काहीतरी मऊ ठेव.

त्वरणही त्याच व्हिडिओतून काढ. हातातल्या स्टॉपवॉचने नको. बोटाची ०.१ सेकंदाची चूक ०.७८ मध्ये जवळजवळ १३ टक्के होते, आणि त्वरणात वेळेचा वर्ग असल्याने चूक २६ टक्क्यांपर्यंत जाते. स्टॉपवॉचच वापरायचं असेल तर कप्पीच्या दोन्ही बाजूंना ५०० आणि ५२० ग्रॅम लटकव. त्वरण ०.१९ वर येतं आणि १ मीटर जायला ३.२ सेकंद लागतात. जॉर्ज ॲटवूडने १७८४ मध्ये या रचनेचं वर्णन प्रसिद्ध केलं त्याचा उपयोग हाच : गुरुत्व संथ करून घड्याळाच्या आवाक्यात आणणं.

आकडा १६० न येता दुसरा आला तर तो काय सांगतोय ते वाच. १६७ च्या आसपास आला तर काट्याचं वस्तुमान धरायचं राहिलं का बघ. काटा ६० ग्रॅमचा असेल आणि ठोकळा आधीच ४०० असेल तर एकूण ४६० होतात आणि ताण बरोबर १६७ येतो. १७० आला आणि वस्तुमानं ठीक असतील तर १३३.३ × (१ + घर्षणांक) = १७० मांड, घर्षणांक ०.२७५ निघतो. टेबलावर चिकट डाग असेल किंवा ठोकळा झुकून पुढची कड घासत असेल. १५७ च्या आसपास आला तर संशय कप्पीवर. ५० ग्रॅमची भरीव चकती फिरवायलाही बल लागतं, ती गणितात २५ ग्रॅम जास्तीच्या वस्तुमानासारखी येते. त्वरण १.९६ वरून १.८८ वर उतरतं, ठोकळ्याकडचा ताण १५७ ग्रॅम आणि वजनाकडचा १६२ ग्रॅम. दोन्ही बाजूंचा ताण सारखा न राहण्याचं उदाहरण तुला त्याच टेबलावर मिळेल, फक्त काटा दुसऱ्या बाजूला बसवून परत वाचावं लागेल, आणि तेव्हा काट्याचं वस्तुमान लोंबणाऱ्या २०० ग्रॅममध्येच बसवायला विसरू नकोस.